रॅटस्नेक पाळायचाय? आधी खोलीचं तापमान बघा, मग साप निवडा

साप पाळायचा म्हटलं की जो तो कॉर्न स्नेककडे नाहीतर बॉल पायथनकडे वळतो, आणि त्यात चूक काही नाही, दोन्ही चांगलेच आहेत, पण रॅटस्नेकच्या खानदानात असे पाच-सहा साप आहेत की जे स्वभावाने तितकेच गरीब आहेत आणि तरी त्यांचं नाव घेतलं की समोरचा विचारतो, हे कुठून शोधून काढलं? मी बरीच वर्षं हेच ठेवतोय, चुकाही पोटभर केल्यात, म्हणून नव्याने येणाऱ्यांसाठी एकदाचं सगळं लिहून टाकतो.

आधी एक गोंधळ मिटवू. रॅटस्नेक म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर धामण येते. धामण वेगळ्या वंशातली, टायास म्युकोसा, दिवसा फिरणारी, वीजेसारखी पळणारी, दोन मीटरच्या वर जाणारी आणि हात लावला तर फुत्कारून चावणारी, ती रानातच बरी. मी बोलतोय ते पूर्वी एलाफे या एकाच मोठ्या वंशात कोंबलेले साप, 2002 नंतर त्या वंशाचे तुकडे पडले आणि पँथेरोफिस, झामेनिस, ओरिओक्रिप्टोफिस अशी नवी नावं आली किंवा जुनी परत आली, त्यामुळे जुन्या पुस्तकात एक नाव आणि विकणाऱ्याच्या यादीत दुसरं दिसलं तर गडबडून जाऊ नका, साप तोच असतो.

साप बघायच्या आधी थर्मामीटर

ही पायरी बहुतेक लोक गाळतात आणि मग रडत येतात. एक डिजिटल थर्मामीटर घ्या, कमाल-किमान दोन्ही आकडे लक्षात ठेवणारा, आणि जिथे सापाची पेटी ठेवणार त्याच जागी, त्याच उंचीवर निदान आठवडाभर ठेवा, शक्य असेल तर वर्षातल्या सगळ्यात गरम दिवसांत. कारण साधं आहे, पेटी गरम करणं सोपं, हीट मॅट म्हणजे विजेवर तापणारी चटई लावली की झालं, पण खोलीच 32 वर असेल तर पेटी 24 वर आणायला एसी सोडून दुसरा उपाय नाही. आणि या कमी प्रसिद्ध रॅटस्नेकमधले दिसायला सगळ्यात देखणे साप नेमके थंडीतले आहेत. फोटो बघून प्रेमात पडायचं आणि मग त्याला शिजवायचं, हे मी स्वतः जवळजवळ केलंय, पुढे सांगतो.

कोणता घ्यायचा

पहिला साप म्हणून माझं मत डोळे झाकून बेअर्ड्स रॅटस्नेकला. हा पश्चिम टेक्सास आणि ईशान्य मेक्सिकोच्या खडकाळ घळींतला साप, तीन ते साडेचार फुटांचा, काटक, खाण्यात नखरे नाहीत, आणि हातात घेतला की घाईने पळायच्या ऐवजी बोटांतून सावकाश फिरतो. याची एकच अडचण म्हणजे पिल्लू दिसायला अगदीच फिकं, राखाडी अंगावर गडद आडवे पट्टे, बस, त्यामुळे लोक बाजूच्या लालभडक कॉर्न स्नेककडे बघतात आणि हे राहून जातं. पण थांबा. दर कातीनंतर आडवे पट्टे पुसट होत जातात, अंगावर लांबीने चार रेषा उमटतात, आणि साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षी खवल्यांच्या मधून केशरी रंग वर यायला लागतो, मेक्सिकोकडच्या वाणात तर राखाडी डोकं आणि खाली तांबूस-केशरी अंग असं होतं. माझा पहिला बेअर्ड्स मी दोन वर्षं "माती रंगाचा" म्हणायचो, एके दिवशी कात टाकून खिडकीच्या उजेडात आला तर मानेपाशी प्रत्येक खवल्याच्या कडेला तांब्यासारखी चमक होती, तेव्हापासून तोंड बंद.

दुसरा ट्रान्स-पेकोस. वाळवंटातला, चिवावा वाळवंटाच्या पट्ट्यातला, मोठे बाहेर आलेले डोळे, पिवळसर अंगावर एच आकाराचे काळे ठिपके. डोळ्याखाली छोट्या खवल्यांची एक जादा ओळ असते, शास्त्रीय नावातलं सबऑक्युलॅरिस त्यावरूनच. पक्का निशाचर, त्यामुळे दिवसा तो दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका, रात्री दहानंतर मात्र पेटीभर फेऱ्या मारतो. स्वभाव इतका मऊ की चावलेला ट्रान्स-पेकोस मी अजून पाहिला नाही (आता हे लिहिलं म्हणजे उद्या चावणार). कोरडी हवा पाहिजे, घरात सतत दमट असेल तर हा नको.

तिसरा डायोन म्हणजे स्टेप रॅटस्नेक. युक्रेनपासून कोरियापर्यंत पसरलेला, साधारण मीटरभर लांब, थंडी-गरमी दोन्ही सोसणारा. रंग विशेष नाही, जागा कमी लागते, ज्यांच्याकडे मोठी पेटी मावत नाही त्यांना हा ठीक.

चौथा रशियन किंवा अमूर रॅटस्नेक, काळ्या अंगावर पिवळे पट्टे, दीड मीटरच्या पुढे जातो, शांत आहे पण ताकदवान आणि त्याला खोली थंडच लागते.

आणि आता ते देखणे. लाल बांबू रॅटस्नेक आणि मँडरिन. बांबू रॅटस्नेक आशियातल्या डोंगरी जंगलात पालापाचोळ्याखाली राहणारा, वीटकरी-लाल, सडपातळ, चावणं जवळजवळ माहीत नाही, पण त्याला 20 ते 24 डिग्री पाहिजे आणि 27-28 च्या वर दिवसच्या दिवस राहिला तर तो जगेल याची हमी नाही. मी पहिला आणला तेव्हा खोली 29 ला होती, म्हटलं दोन-तीन डिग्रीने काय होतंय, तर पठ्ठ्या चार दिवस पाण्याच्या भांड्यात वेटोळं घालून बसला, खाणं बंद. मला वाटलं कात टाकायची असेल. मग एकाने विचारलं, खोलीत किती आहे, आणि मला घाम फुटला. घरातल्या सगळ्यात थंड खोलीत जमिनीलगत हलवला, तिसऱ्या दिवशी भांड्यातून बाहेर, दहाव्या दिवशी जेवला. मँडरिनची गोष्ट तशीच, वर तो मातीत घुसून राहणारा, लाजाळू, लहान भक्ष्यच घेणारा. हे दोन दुसरा किंवा तिसरा साप म्हणून, पहिला म्हणून नाही.

विकत घेताना

बंदिवासात जन्मलेलाच घ्यायचा, रानातून पकडलेला नाही. रानातल्यात जंत असतात, तो घाबरलेला असतो, खात नाही, आणि अनेक ठिकाणी असा साप ठेवणं गुन्हाच आहे. तुम्ही राहता तिथला कायदा कोणत्या जातीला परवानगी देतो, परवाना लागतो का, हे पैसे देण्याआधी स्वतः वाचा, विकणारा "काही लागत नाही हो" म्हणतोय यावर जाऊ नका. जन्माचा आणि खरेदीचा कागद जपून ठेवा.

विकणाऱ्याला सरळ विचारा, कधी जन्मला, शेवटच्या पाच वेळा काय खाल्लं आणि कोणत्या तारखेला, गोठवून वितळवलेलं खातो की जिवंत. ज्याच्याकडे तारखा लिहिलेल्या नाहीत त्याच्याकडून मी घेत नाही. शक्य असेल तर समोर खाताना बघा. मग साप हातात घेऊन बघायचं: नाकपुडीत बुडबुडे आहेत का, श्वास घेताना खुट-खुट आवाज येतोय का, हनुवटीखालच्या घडीत आणि डोळ्यांच्या कडेला मिरीच्या कणासारखे काळे ठिपके हलतायत का (हे माइट, गोचिडीचे छोटे भाऊ), डोळ्यावर जुन्या कातीची टोपी अडकलीय का, पोटाकडचे खवले तपकिरी किंवा फुगलेले आहेत का. हातात घेतल्यावर त्याने बोटाला हलकी पकड द्यायला हवी, ओल्या दोरीसारखा लोंबत असेल तर नको.

पेटी

साप घरी यायच्या आधी किमान एक आठवडा पेटी चालू पाहिजे, हे लोकांना कितीही सांगितलं तरी साप पिशवीत आणि पेटी खोक्यात अशीच परिस्थिती असते.

पिल्लाला मोठी पेटी मोकळी दिली तर ते बावरतं, म्हणून झाकणाला पक्की कडी असलेला, बाजूंना बारीक भोकं पाडलेला छोटा डबा बरा, नाहीतर मोठी पेटी पालापाचोळ्याने आणि नळ्यांनी ठासून भरा. मोठ्या बेअर्ड्सला किंवा ट्रान्स-पेकोसला 120 बाय 60 बाय 60 सेंटीमीटर धरा. उंची पण लागते, कारण हे साप चढतात, एक जाड आडवी फांदी घट्ट बसवून द्या, रात्री त्यावरच सापडतील.

आणि कुलूप. कुलूप. कुलूप. रॅटस्नेक म्हणजे डोकं गेलं तिथे अंग जातंच, सरकत्या काचेच्या दोन पल्ल्यांमधली फट त्याला दरवाजा वाटते. पिल्लाच्या बाबतीत पेन्सिल जाईल इतकी फट म्हणजे उघडं दार समजा. पळाला तर आधी उबदार आणि अंधाऱ्या जागा बघायच्या, फ्रिजच्या मागे, पुस्तकांच्या रांगेमागे, सोफ्याच्या आत, आणि रात्री भिंतीलगत पिठाची बारीक रेघ ओढून ठेवायची, सकाळी माग दिसतो. घराबाहेर गेला तर प्रकरण फक्त तुमचं राहत नाही. वेल्समधल्या कोल्विन बे इथे प्राणिसंग्रहालयातून सुटलेल्या एस्क्युलेपियन रॅटस्नेकची वस्ती कित्येक दशकं टिकून आहे, नेदरलँड्समधल्या एल्डे गावात अमूर रॅटस्नेकचं तसंच झालं.

खाली पसरायला अ‍ॅस्पनचा भुसा, किंवा ओल लागणाऱ्या जातींना नारळाचा चुरा. देवदार म्हणजे सीडरचा वास येणारा भुसा नको, त्यातलं तेल सापाच्या श्वासाला बाधतं. लपायच्या जागा किमान दोन, एक गरम बाजूला एक थंड बाजूला, आणि त्या घट्ट पाहिजेत, आत शिरल्यावर अंग तीन बाजूंनी टेकलं पाहिजे. एकच लपायची जागा दिली की साप ऊब आणि सुरक्षितता यातलं एक निवडतो, आणि तो नेहमी सुरक्षितता निवडतो, मग थंडीत बसून राहतो आणि अन्न पचत नाही. पाणी जड भांड्यात, रोज ताजं. एका पेटीत एकच साप, "एकटा पडेल हो" हा विचार माणसाचा आहे, त्याचा नाही.

ऊब

बेअर्ड्सला गरम टोकाला 29 ते 31, थंड टोकाला 23-24, रात्री 20-21 पर्यंत उतरलं तरी हरकत नाही. ट्रान्स-पेकोसला गरम टोक 28-29 पुरे. डायोन आणि अमूरला 27-28 ची एक छोटी जागा आणि बाकी खोलीचं तापमान. बांबूला बऱ्याचदा हीट मॅट लागतच नाही.

थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे ठरलेल्या तापमानाला मॅट आपोआप बंद करणाऱ्या यंत्राशिवाय, हीट मॅट लावायची नाही, हा एकच नियम मी दगडावर कोरून ठेवीन. आणि थर्मोस्टॅट लावला म्हणजे सुटलो असंही नाही. माझ्याकडे एकदा साफसफाई करताना प्रोब, म्हणजे थर्मोस्टॅटची तापमान मोजणारी वायर, मॅटवरून सरकून पेटीच्या बाहेर लोंबत राहिला, त्याला बाहेरची थंड हवा लागत होती, त्यामुळे त्याला वाटलं पेटी थंड आहे आणि त्याने मॅट चालूच ठेवली. संध्याकाळी जमिनीचं तापमान इन्फ्रारेड गनने बघितलं तर 41. साप शहाणा म्हणून थंड टोकाला पाण्याच्या भांड्यामागे दाबून बसला होता, नाहीतर पोट भाजलं असतं. तेव्हापासून प्रोब गरम जागीच टेपने नाही, क्लिपने पक्का बसवतो, टेप कधीच नाही, टेप सुटतो आणि सापाला चिकटतो, मग ती सोडवणं म्हणजे दोन तासांचं काम आणि खवले निघतात ते वेगळंच.

हवेतली ओल साधारण 40-50 टक्के, ट्रान्स-पेकोसला 30-40 चालतं, बांबूला 60-70 आणि एक कोपरा शेवाळाचा ओलसर. ओल म्हणजे चिखल नाही, सगळं ओलं आणि हवा कोंडलेली असेल तर पोटावर फोड येतात.

पहिला आठवडा

काही करायचं नाही. खरंच काही नाही. पाणी बदलायचं, तापमान बघायचं, बाहेर यायचं. हात लावायचा नाही, मित्रांना दाखवायचा नाही, लपायची जागा उचलून "आहे का बघू" करायचं नाही. लोक म्हणतात अमुक जात शांत, तमुक जात तापट, पण मी बेअर्ड्ससारखा गरीब साप पण शेपटी थरथरवताना आणि मानेचा एस करून झेप घेताना पाहिलाय, का तर पेटी टीव्हीच्या शेजारी, लपायला एक प्लास्टिकचं पान, आणि दिवसातून चार वेळा हातात. तोच साप कोपऱ्यातल्या पेटीत दोन नीट लपायच्या जागा देऊन तीन आठवडे सोडून दिला आणि गोगलगाय झाला.

जेवण

सहा-सात दिवसांनी पहिलं जेवण द्यायचं. गोठवलेले उंदीर, वितळवून. पिल्लाला पिंकी म्हणजे बिनकेसाचं उंदराचं पिल्लू दर पाच ते सात दिवसांनी, मोठ्या सापाला एक उंदीर दर दहा ते चौदा दिवसांनी. आकार म्हणजे सापाच्या सगळ्यात जाड भागाएवढा, फार तर दीडपट. बेअर्ड्सचं अंग सुटतं लवकर, त्याला दर आठवड्याला खाऊ घालायचा मोह आवरा, शेपटीच्या वर अंगाला वळ्या दिसायला लागल्या की समजा जास्त झालं.

रात्री उंदीर पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, सकाळपर्यंत वितळतो, मग देण्याआधी पिशवीसकट कोमट पाण्यात, 40 च्या आसपास, दहा-पंधरा मिनिटं. मायक्रोवेव्ह नाही, बाहेरून शिजतो आत बर्फ राहतो आणि कधीकधी फुटतो, आणि मग घरात तुमची काय अवस्था होते ते विचारू नका. दाबून बघा, पोट मऊ लागलं पाहिजे, मधे गाठ लागली तर अजून गोठलेला आहे. लांब चिमट्याने कमरेत धरून लपायच्या जागेच्या तोंडाशी हळू हलवायचा. आधी जीभ सावकाश येते, मग जिभेचा वेग वाढतो, मान आखडते, आणि मग जे होतं ते दिसतच नाही, फक्त चिमट्याला झटका बसतो आणि उंदराभोवती दोन वेटोळी पडलेली असतात. लगेच मागे व्हा. घेतला नाही तर उंदीर आत सोडून दिवा बंद, सकाळी नसेल खाल्ला तर फेकून द्या, परत गोठवू नका.

जेवल्यावर 48 तास हात नाही. उलटी केली तर घाईने लगेच दुसरं देऊ नका, दहा-चौदा दिवस फक्त पाणी, तापमान तपासा, मग नेहमीच्या निम्म्या आकाराचं द्या. परत उलटी झाली तर डॉक्टर. कात टाकायच्या आधी, थंडीत, आणि नर असेल तर विणीच्या काळात काही आठवडे जेवण नाकारणं नेहमीचं आहे, वजन टिकून असेल तर शांत राहा, वजन उतरतंय तर नाही. त्यासाठी एक साधा स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि वही लागते. शीतनिद्रा वगैरे प्रकरण पहिल्या वर्षी डोक्यातून काढून टाका, नुसता पाळायला असेल तर कधीच गरज नाही.

हातात घेणं

दोन-तीन वेळा नीट जेवला की सुरू करा, पाच मिनिटं, आठवड्यातून दोनदा. वरून झडप घालायची नाही, वरून येतो तो घार असतो त्याच्या हिशेबात. बाजूने, आधी हुकने किंवा कागदाच्या सुरळीने अंगाला हलकं टेकवायचं म्हणजे त्याला कळतं की जेवण नाही, मग मधल्या भागाखाली हात घालून उचलायचं, डोकं धरायचं नाही, त्याला फिरू द्यायचं आणि एका हातापुढे दुसरा हात ठेवत जायचं. घाबरला तर मागच्या बाजूने घाण वासाचं पाणी सोडतो, ते कपड्यावर पडलं की कळेल. चावला तर पिल्लाचे दात म्हणजे गवताचा ओरखडा, ओढून काढू नका, साबण-पाणी. हात आधीही धुवायचे म्हणजे उंदराचा वास नको, आणि नंतरही, सापांच्या विष्ठेत साल्मोनेला असू शकतो, घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर जास्तच जपा.

कात आणि आजारपण

डोळे दुधाळ-निळसर झाले की हात बंद. चार-पाच दिवसांनी डोळे परत साफ होतात आणि लोकांना वाटतं टाकली कात, नाही, टाकायची अजून तिथून पुढे काही दिवसांत. त्या काळात ओल्या शेवाळाचा एक झाकणवाला डबा आत ठेवा, वाळवंटी ट्रान्स-पेकोसला सुद्धा. कात अखंड निघाली पाहिजे, मोज्यासारखी उलटी. ती उजेडात धरून डोळ्यांच्या जागी दोन गोल भिंगं दिसतात का बघा, आणि शेपटीचं टोक आलंय का. डोळ्याची टोपी राहिली असेल तर नखाने उकरू नका, ओल वाढवा, पुढच्या कातीला बहुधा निघते, नाही निघाली तर डॉक्टर.

तोंड उघडं ठेवून श्वास, नाकातून फेस, हिरड्यांवर पिवळट चिकट थर, पाण्यात सतत बसणं (माइट किंवा उष्णता), यातलं काहीही दिसलं की साप बघणाऱ्या डॉक्टरकडे, आणि तो डॉक्टर साप आणायच्या आधी शोधून ठेवा, सगळेच प्राण्यांचे डॉक्टर साप बघत नाहीत. दुसरा साप आणलात तर दोन-तीन महिने वेगळ्या खोलीत, वेगळा चिमटा, वेगळं भांडं.

हे साप पंधरा-वीस वर्षं जगतात. लग्न, घर बदलणं, नोकरी सगळं त्यात येऊन जातं, ते आधी घरच्यांशी बोलून घ्या.

बाहेरगावी जायचं असेल तर मोठा साप आठ-दहा दिवस जेवणाशिवाय मजेत राहतो, जायच्या तीन-चार दिवस आधी खाऊ घाला म्हणजे पचून झालेलं असेल, शेजाऱ्याला फक्त पाणी आणि थर्मामीटरचा आकडा बघायला सांगा, आकडा 33 च्या वर दिसला तर हीट मॅटचा प्लग काढ एवढंच कागदावर लिहून पेटीवर चिकटवा, आणि उंदीर फ्रीजरमध्ये कुठल्या डब्यात आहेत ते मात्र त्याला सांगून ठेवा, आइस्क्रीम शोधताना सापडायला नकोत.